झोपमोडी सिस्टर

अमरावतीत मेंदू शिकवणारे पायलीचे पन्नास. ज्या गल्लीत पाहा त्या गल्लीत क्लास, अन् ज्या क्लासात पाहा तठी फळ्यावर मेंदू. गुलाबी खडूनं मोठा मेंदू, हिरव्यानं लहान मेंदू, पिवळ्यानं खालचा देठ. शिकवणाऱ्याच्या बोटाले रंग लागते, पण जित्या माणसाच्या डोक्याले त्यानं जन्मात हात लावलेला नसते. मले अशा लोकायचा भल्ला तिटकारा आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मंग कोणी म्हणाले नको का माणिकबाई तिरकस बोलते. हो, बोलते. एकतीस वर्षं दवाखान्यात ‘हो सर, जी सर’ करत शुद्ध बोलली. आता रिटायर होऊन अकोल्याच्या घरी बसली. आता कोणासाठी शुद्ध बोलू?

सांगायचं आहे ते प्रणालीचं. प्रणाली पंजाबराव ताथोड, राहणार हिवरखेड. बाप शेतकरी, पण रडका नाई. घरचं खाऊन सुखी माणूस. त्यानं पोरीले नर्सिंगले टाकलं ते काही सेवाबिवा म्हणून नाई. “घरात एक दवाखानेवाली असली का म्हातारपण सोपं जाते,” असा त्याचा साधा हिशोब.

पोरगी शिकली अकोटच्या एका नर्सिंग शाळेत. शाळा कसली, हार्डवेअरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खाली खिळे विकत, वर नर्सा बनत. त्या शाळेत मेंदूचं एक प्लास्टिकचं मॉडेल होतं. ते कपाटात, कपाटाले कुलूप, अन् किल्ली प्राचार्याच्या खिशात. इन्स्पेक्शनवाले आले का मॉडेल बाहेर, गेले का परत आत. पोरी तीन वर्षं काचेतून मेंदू पाहत होत्या, देवळातल्या मूर्तीसारखा. हात लावाले मनाई.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या मॅडमनं लहान मेंदूचं विचारलं, “सेरेबेलम म्हणजे काय?” प्रणालीनं स्वतःच्या मानेच्या वर, डोक्याच्या मागल्या बाजूले हात ठेवला. म्हणे, “अठी असते. हा बिघडला का माणूस पेल्यावानी झोकांड्या खाते.” मॅडम म्हणे, “मी डेफिनिशन विचारली.” ते काही आलं नाई. केली नापास. पाहा बाप्पा! जिले जागा माहीत, काम माहीत, ते नापास. अन् ज्या पोरी डोळे मिटून पाठ केलेल्या चार ओळी घडाघडा म्हणत, त्या फर्स्ट क्लास.

घरी गेली, दोन दिवस रडली, मंग तिसऱ्या दिवशी खाटकाकडून बकऱ्याची मुंडी घेऊन आली. ओट्यावर ठेवून कोयत्यानं कवटी फोडली अन् आतला मेंदू परातीत काढून तासभर उलथापालथा करून पाहत बसली. मायनं, वच्छलाबाईनं, घर डोक्यावर घेतलं. मंग त्याच मुंडीचा रस्सा केला, हेही खरं. पण पोरीले जे शिकायचं ते ती शिकली, अन् पुढच्या खेपेले काठावर पासही झाली. मले एकदा सांगत होती, “बाई, कवटी दगडासारखी अन् आतला मेंदू लोण्यासारखा. बंद डब्यात लोणी. थोडंसं रक्त साचलं तरी लोण्यानं जावं कुठी? खालच्या देठाकडेच दबते ना! अन् श्वास तर त्या देठातून चालते.” एवढं साधं मले कोणत्या पुस्तकानं सांगतलं नव्हतं. वीस वर्षं न्यूरो वॉर्डाची इनचार्ज होती मी!

आमचा दवाखाना अमरावतीचा, प्रायव्हेट, पाच मजली. नाव सांगत नाई. मालक गजेंद्र डॉक्टर. त्याले पेशंटची नाडी पाहून बारा वर्षं झाली असतीन, पण पेशंटचा बाप कोण, मामा कोण, हे त्याले दारातूनच समजे. त्याच्या वॉर्डात प्रणाली लागली, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम चांगलं वाटलं तर पक्की.

आता डोक्याच्या पेशंटची देखरेख कशी असते ते ऐका, काही अवघड नाई. डोक्याले मार लागलेल्या माणसाले दर तासाले उठवा लागते. डोळे उघडते का, सरळ बोलते का, सांगतलं तर हातपाय हालवते का, याचे मिळून पंधरा गुण. शाबूत माणसाले पंधरापैकी पंधरा, अन् अगदीच गेलेल्याले तीन. मंग टॉर्च मारून डोळ्यातल्या बाहुल्या पाहाच्या. उजेड पडला का दोन्ही बारीक झाल्या पाहिजेत. एक मोठी राहिली का समजाचं, आत दाब वाढला. झालं. एवढ्याले काही डिग्री लागत नाई, लाज लागते.

अन् आमच्या वॉर्डात करत काय? नर्स दारातून डोकावे. पेशंट झोपलेला दिसे. वरच्या रकान्यात जे असे तेच खाली उतरवे. पंधरा, पंधरा, पंधरा. बाहुल्या समान. एकदा तर एका नेरच्या म्हाताऱ्याच्या दोन्ही बाहुल्या तीन दिवस समान लिहिल्या, अन् त्याचा एक डोळा काचेचा होता. ते प्रणालीनं आल्या आल्या पकडलं. सगळ्या पोरी हसल्या. मी नाई हसली. त्या तीन दिवसांत दोनदा मीच लिहिलं होतं.

ही पोरगी खरंच उठवे. हाक मारून, खांदा हालवून. नाव विचारे, गाव विचारे, हात दाबाले लावे. पेशंट शिव्या देत, नातेवाईक डोळे वटारत. वॉर्डानं तिले नाव पाडलं, झोपमोडी. खरं सांगते, मलेही ती आवडत नव्हती. तोंड फटकळ, चालणं धपधप, डॉक्टरसमोर मान खाली नाई. मले वाटे, हे कोण आली मोठी आम्हाले शिकवणारी!

मंग मे महिन्यात आमच्याकडे वकीलसाहेब आले.

ॲडव्होकेट वसंतराव पांढरीपांडे. वय बहात्तर. रिटायर झाले तरी अमरावतीत त्यायले अर्धं कोर्ट नमस्कार करे, अन् आमच्या दवाखान्याच्या केसेसही तेच लढले होते. कूलरच्या गळक्या पाण्यावरून पाय घसरला अन् उजव्या कानशिलाची बाजू खिडकीच्या कठड्यावर आदळली. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. डोक्याचा सीटीचा फोटो काढला तर आत उजवीकडे रक्ताची बारीक चकती. आमच्याकडे बाहेरून येणारे मेंदूचे सर्जन धम्मदीप डॉक्टर. माणूस मोजकं बोलणारा. त्यायनं मले अन् घरच्यायले समोर उभं करून सांगतलं, “आज ऑपरेशनची गरज नाही. रक्त वाढलं तर लागेल. वाढलं हे कळायचा एकच उपाय, दर तासाला उठवायचं. दिवसा, रात्री, झोपले असले तरी. उठवायचं म्हणजे उठवायचं.” मान सगळ्यायनं हालवली. मान हालवाले काय लागते!

घरचे म्हणजे दोघं. बायको गोदावरीबाई, गरीब गाय. अन् पोरगा स्वानंद. हा तोच, रंगीत खडूवाला. डॉक्टर व्हाची तयारी करणाऱ्या पोरायले जीवशास्त्र शिकवते. शहरात त्याचे फलक, फलकावर त्याचा फोटो, फोटोत त्याच्या हातात मेंदू. पहिल्याच दिवशी त्यानं प्रणालीची परीक्षा घेतली, पेशंटच्या खाटेजवळ.

“सिस्टर, बाहुली लहान करणारी क्रेनियल नर्व्ह कितवी?”

“तिसरी.”

“नाव?”

तिले नाव आलं नाई. “तिच्यावर दाब आला का बाहुली फाकते, एवढं मले मालूम आहे,” म्हणे.

स्वानंद माह्याकडे पाहून हसला. “माणिकबाई, माझ्या अकरावीच्या मुलांना हे येतं. कोणाच्या हातात दिलंय तुम्ही बाबांना?”

मीही हसली. काहून हसली ते देवाले माहीत. लाचार माणसाचं तोंड आपोआप हसते.

वकीलसाहेबही काही कमी नव्हते. प्रणालीनं नाव विचारलं तर म्हणे, “या जिल्ह्यात माझं नाव विचारावं लागतं?” कुठी आहात विचारलं तर म्हणे, “तुझ्या तावडीत.” पोरगी हलली नाई. “ते ठीक आहे साहेब, पण गावाचं नाव सांगा, मंग जाते.” पहिल्या रात्री तिनं अन् पाळीवरच्या दुसऱ्या नर्सनं मिळून त्यायले दर तासाले उठवलं. सकाळी साहेबाचे डोळे लाल, अन् घरच्यायचा पारा पंख्याले लागलेला.

आता त्या घराची एक रीत होती, ते सांगतल्याशिवाय पुढचं समजाचं नाई. साहेबाची दुपारची झोप. एक ते चार. पंचेचाळीस वर्षं झाली, त्या तीन तासांत त्या घरात फोन वाजत नव्हता, दारावरची घंटी वाजत नव्हती, कुकरची शिट्टीसुद्धा चारच्या नंतर. पोरगा लहानपणी पडला, खोक पडली, तर गोदावरीबाईनं त्याच्या तोंडावर पदर दाबून त्याले शेजारी नेलं, का साहेब उठतीन. हे बाई मले कौतुकानं सांगत होती! आपल्याकडे मे महिन्यात दुपारी कोण झोपत नाई? सगळेच झोपतात. पण झोपेचं देवघर करून ठेवलेलं हे एकच घर मी पाहिलं. देवाले तरी सकाळी घंटी वाजवून उठवतात.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी सव्वा वाजता स्वानंद क्लासच्या लेटरहेडवर कागद छापून घेऊन आला. ‘दुपारी १ ते ४ विश्रांती. कृपया रुग्णास कोणीही उठवू नये.’ खाली गजेंद्र डॉक्टरची सही! मालकानंच सही केली. धम्मदीप डॉक्टरले विचारलं का? छे. ते बाहेरचे, हा घरचा. कागद दारावर चिकटवला चिकटपट्टीनं, चारही कोपरे नीट दाबून.

मी वाचला. मले माहीत होतं हे चूक आहे. मी प्रणालीले बोलावून म्हटलं, “तीन तासाचा तर प्रश्न आहे. दुरून श्वास पाहा अन् लिहून टाक.”

ती म्हणे, “बाई, आता एकच्या टायमाले साहेबानं साल सांगाले किती उशीर लावला, पाहिलं का? अन् जेवण उलटून पडलं. डोकं ठणकून राहिलं म्हणे.”

“उन्हाचा त्रास असन.”

“एसीच्या खोलीत?”

मी चिडली. “तू नर्स आहे का डॉक्टर? सहा महिने पुरे व्हाले नऊ दिवस राहिले तुले. गुपचूप राहा.”

दोन वाजता ती टॉर्च घेऊन गेली. स्वानंद दारात खुर्ची टाकून बसला होता, मोबाईल पाहत. “वाचता येतं ना?” त्यानं कागदाकडे बोट केलं. ती परत आली अन् चार्टवर दोनच्या रकान्यात लिहिलं, ‘नातेवाइकांनी उठवू दिले नाही.’ त्या दुपारी अख्ख्या दवाखान्यात तेवढाच रकाना खरा होता. मी तिले म्हटलं, “असं लिहितात का? खोड ते.” तिनं खोडलं नाई.

अडीच वाजता गोदावरीबाई पाण्याची बाटली भराले आमच्या टेबलाजवळ आली. चेहरा कसा समाधानी. म्हणे, “आज इतकी गाढ झोप लागलीय यांना! चक्क घोरताहेत. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, कधी घोरले नाहीत हो. आज पहिल्यांदा ऐकलं.”

प्रणाली उठली तीच पळत. तो आवाज मलेही समजला होता. डोकं दबलं का जीभ मागे पडते अन् माणूस असा घर्र घर्र घोरते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाले हे शिकवतात. मीही उठली. पण मी चालत गेली.

स्वानंदले बाजूले सारून ती आत शिरली होती. “साहेब! ओ साहेब! वसंतराव!” नाई. खांदा हालवला, नाई. मंग तिनं खांदा अन् मानेमधला मांसल भाग चिमटीत धरला अन् जोरात पिळला. असं करतात. बेशुद्ध माणूस किती खोल गेला ते पाहाचं हेच साधन आहे, धम्मदीप डॉक्टर स्वतः करतात. साहेबाचा उजवा हात वर आला, तिचा हात ढकलाले. डावा पडूनच राहिला. ही मेंदूची उलटी रीत आहे. उजव्या अंगाले दाबला का डावा हात जाते. तिनं पापणी वर केली, टॉर्च मारला.

तेवढ्यात स्वानंदनं तिचं मनगट धरून तिले मागे ओढलं. “चिमटे काढतेस? झोपलेल्या माणसाला? बहात्तर वर्षांच्या?” तो इतका ओरडला का कॉरिडॉरातले लोक गोळा झाले. साहेब मात्र उठले नाईत. पाहा, पोरगा जीवशास्त्राचा मास्तर! खाटेशेजारी आभाळ फाटल्यासारखा ओरडून राहिला, बाप उठत नाई, अन् याच्या डोक्यात उजेड पडत नाई. रंगीत खडू मोप होते, उजेड कुठून आणणार!

“बाई,” प्रणाली मले म्हणे, “उजवी बाहुली मोठी झाली. डावा हात गेला. तुमी पाहा.”

माह्या खिशात टॉर्च होता. दोन पावलं पुढं जायचं होतं. मी पुढं नाई गेली. मी प्रणालीचा दंड धरला, तिले दाराबाहेर आणलं अन् मागे वळून म्हटलं, “सॉरी सर. नवीन आहे पोरगी.”

हे मी म्हटलं. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईनं. इतरायच्या नावानं बोटं मोडतो आपण, पण त्या दिवशी त्या खोलीत माह्याइतकं नीच कोणी नव्हतं. स्वानंदले समजत नव्हतं. मले समजत होतं.

आमच्याकडे नियम होता, नर्सनं सर्जनले सरळ फोन कराचा नाई, मालकाकडून गेला पाहिजे. प्रणालीनं स्वतःचा मोबाईल काढला, माह्यासमोरच लावला. “सर, प्रणाली बोलून राहिली. वसंतराव पांढरीपांडे. बोलत नाई, डोळे उघडत नाई, उजवा हात दुखल्यावर ढकलते, डावा हालत नाई. उजवी बाहुली मोठी, उजेडाले हालत नाई. नाडी मंद झाली, घोरून राहिले.” बस. नर्व्हचं नाव नाई, व्याख्या नाई. तिकडून एकच वाक्य आलं असन. तिनं खाटेची डोक्याची बाजू वर केली, साहेबाले कुशीवर केलं, ऑक्सिजन लावला. स्वानंद आडवा येत होता. म्हणे, “पोलीस बोलावतो.” ती म्हणे, “बोलवा. तोपर्यंत ही नळी धरा.” अन् खरंच त्याच्या हातात नळी दिली. गडी नळी धरून उभा राहिला.

सोळा मिनिटांत धम्मदीप डॉक्टर स्कूटरवर आले. दारावरचा कागद वाचला. “हे कोणी लावलं?” गोदावरीबाई म्हणे, “ह्यांच्या झोपेची वेळ आहे हो.” डॉक्टरनं साहेबाले लगेच मशीनवर नेलं. फोटो काढला. चकती कुठली, आता बोटभर जाड रक्त होतं, मेंदू पार एका बाजूले सरकला होता. चारच्या आत साहेब ऑपरेशनच्या टेबलावर. कवटीले भोकं पाडून रक्त काढलं. बाहेर येऊन डॉक्टर स्वानंदले म्हणाले, “चारपर्यंत झोपू दिलं असतं तर उठले नसते. त्या मुलीनं फोन केला म्हणून तुमचे वडील आहेत.”

स्वानंद हात जोडून म्हणे, “सगळी आपली कृपा, सर.”

ऐकलं? सांगतलं काय, ऐकलं काय! पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी साहेब शुद्धीवर आले. बोलणं शाबूत, ऐट शाबूत. पण डावा हात हालत नव्हता. धम्मदीप डॉक्टर म्हणे, मेंदू जास्त वेळ दबून राहिला, हात येईनही, नाईही येईन. म्हणजे आता सगळा जीव त्या हातात अडकला. गोदावरीबाई हाताले तेल लावत बसे, डोळे पुसत बसे. स्वानंद फोनवर सगळ्यायले सांगे, “रिकव्हरी होईल, राइट हेमिस्फियर आहे.” अन् प्रणाली दर पाळीत त्या हाताजवळ जाये. “साहेब, बोट उचला. अंगठा हालवा.” दहादहा वेळा. साहेब भिंतीकडे पाहत.

इकडे गजेंद्र डॉक्टरची झोप उडाली. धम्मदीप डॉक्टरनं कागदावर लिहून ठेवलं होतं का पेशंटले दोन वाजता उठवू दिलं नाई. चार्टवर प्रणालीचंही तेच. दारावरच्या कागदावर सही कोणाची? मालकाची. उद्या कोणी विचारलं तर? मंग अशा वेळी जे करतात ते केलं, चोराच्या उलट्या बोंबा. साहेबाच्या खांद्यावर चिमट्याचा निळा डाग होता. त्या डागाची तक्रार बनवली. नर्सनं झोपलेल्या रुग्णास मारहाण केली, त्यामुळे रक्तदाब वाढला, त्यामुळे रक्तस्राव वाढला. जीवशास्त्राच्या मास्तरनं स्वतः लिहिली! मले केबिनमध्ये बोलावलं. “माणिकबाई, तुम्ही तिथं होता. साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. आणि रिटायरमेंटला किती राहिले तुमचे?” आठ महिने. त्याले माहीत होतं. मले फंड नीट पाहिजे होता, निरोपाचा नारळ पाहिजे होता. मी म्हटलं, “हो सर.”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे मंग राहिलेलं एकच सांगाले उरते. तक्रार पक्की झाली त्याच दिवशी प्रणालीले काढलं. धम्मदीप डॉक्टर त्या दिवशी नागपूरले होते. परत आल्यावर त्यायनं आमच्या दवाखान्यात येणं बंद केलं अन् तिले चिठ्ठी देऊन अकोल्याच्या एका दवाखान्यात लावलं. अजून तठीच आहे. न्यूरोचं सगळं तीच पाहते, पोरी तिले टरकून राहतात. तो दवाखाना माह्या घरापासून दीड किलोमीटर आहे. मी एकदाही गेली नाई. मले निरोपाचा नारळ भेटला, शालही भेटली. शाल कपाटात पडली आहे, अंगावर घ्याची हिंमत होत नाई.

तर तो दिवस. ऑपरेशनचा सहावा. सकाळचे अकरा. साहेबाले उशीले टेकवून बसवलं होतं. समोर जेवणाचं चाकाचं टेबल, त्याच्यावर तक्रारीचा कागद. एका बाजूले गजेंद्र डॉक्टर, दुसऱ्या बाजूले स्वानंद, पायथ्याशी मी. प्रणालीले मुद्दाम बोलावलं होतं, माफी मागाले.

ती म्हणे, “दुखलं असन तर माफ करा, साहेब.” खरंच मनापासून म्हणे. मंग म्हणे, “पण उठले नसते ना तुमी.”

“पुरे,” गजेंद्र डॉक्टर म्हणे.

साहेबानं चष्मा मागतला. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मले वाटलं, एवढा मोठा वकील, जिंदगीभर साक्षी-पुरावे तपासले, दोन सवाल तरी विचारन. माह्याकडे पाहून एकदा तरी म्हणन, बाई, खरं काय ते सांगा. विचारलं असतं तर मी काय सांगतलं असतं, मले अजून माहीत नाई. त्यानं विचारलंच नाई. त्यानं पेन घेतला, ‘चिमटा’ शब्द खोडला, वर ‘शारीरिक इजा’ लिहिलं, अन् पोराले म्हणे, “मसुदा कच्चा आहे तुझा. असं लिहायचं असतं.” वाचलेल्या डोक्याचं पाहा पहिलं काम!

मंग तो सही कराले वाकला. एसी बंद पडला म्हणून मोठा पंखा लावला होता, त्याच्या हवेनं कागद फडफडला, टेबलावरून सरकाले लागला. साहेबानं दाबला अन् सही केली. पूर्ण, लपेटदार, खाली दोन रेघा.

“बाई!” प्रणाली ओरडली. “पाहा! डावा हात!”

आम्ही सगळे दचकलो.

“सायबानं डाव्या हातानं कागद दाबला! कोणी न सांगता! मी पाहिलं!” ती पुढं आली, टेबल बाजूले केलं, त्याच्या डाव्या हातात आपली दोन बोटं दिली. “साहेब, दाबा पाहू. दाबा. हां. दाबून राहिले! अजून जोरात. आवो बाई, गोदावरीबाईले बोलवा ना कोणी, हात आला!”

तिच्या डोळ्यात पाणी. तोंडभर हसू. आपल्याच नावाची तक्रार शेजारी पडली आहे, शाई ओली आहे, याचं तिले भानच नाई. साहेब स्वतःच्या हाताकडे पाहत होते अन् तिची बोटं सोडत नव्हते. तो हात हालला हे पोरानं पाहिलं नव्हतं, तो सही पाहत होता. डॉक्टरनं पाहिलं नव्हतं, तो तारीख पाहत होता. अन् मी, वीस वर्षाची इनचार्ज, साक्षीदारानं सही कुठी कराची ती जागा पाहून राहिली होती.

मंग मी सही केली.